नवतपात टिकेल तोच डबा

या खेपेला टपालात आणि ईमेलात एकाच विषयाची पत्रं जास्त निघाली: लहान आकाराचा गेमिंग पीसी. घ्यावा का, त्यावर गेम चालतात का, घेऊन बसलोय तर आता काय करू. त्यातली पाच निवडली आहेत. नागपूरच्या नंदनवन भागातलं माझं वर्कशॉप वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या खोलीत जो पीसी तासभर गेम चालवून दाखवतो, तो नागपुरात कुठेही चालतो. माझी सगळी मतं त्या खोलीत तयार झालेली आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी त्यातली थोडी उष्णता वजा करून वाचावं.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहा बाय दहाची खोली, तिच्यात मी आणि दादा. टेबल एकच, तेही अर्धं दादाच्या एमपीएससीच्या पुस्तकांनी भरून राहते. मला रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड टाकून एकदम छोटा, मिनी-आयटीएक्सचा पीसी बनवायचा आहे. मित्र म्हणतात, अबे मोठा कॅबिनेट घे, पैसे वाचतात. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, छोट्यात गरम होते. कोणाचं ऐकू? खोलीत कूलर आहे, एसी नाही. — एक विद्यार्थी, मानेवाडा

दुकानदाराचं ऐक, पण अर्धंच.

आधी 'छोटा' म्हणजे किती छोटा ते ठरव. कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगतात. आपल्याकडे पाण्याचा २० लिटरचा कॅन घरोघरी येतो, तेच माप धर. नेहमीचा मोठा टॉवर दोन-अडीच कॅनएवढा. मायक्रो-एटीएक्स, म्हणजे मधल्या मापाच्या बोर्डाचा आटोपशीर कॅबिनेट एक ते दीड कॅन. मिनी-आयटीएक्सचा अर्धा कॅन, फार तर पाऊण. आणि तळहातावर मावणारे मिनी पीसी येतात ते लिटरभराच्या आतबाहेर, त्यांचं पुढच्या पत्रात सांगते. तुझ्या मित्रांच्या डोक्यात पहिला आहे, तुझ्या डोक्यात तिसरा. मला तुझ्यासाठी दुसरा योग्य वाटतो. का, ते सांगते.

मिनी-आयटीएक्स म्हणजे १७ सेंटिमीटर बाय १७ सेंटिमीटरचा मदरबोर्ड. व्हीआयए कंपनीनं तो २००१ मध्ये आणला, तेव्हा डोळ्यांसमोर कमी वीज खाणारी छोटी यंत्रं होती. गेम खेळणाऱ्यांनी तो नंतर उचलला. एवढ्याशा जागेत ग्राफिक्स कार्डासाठी एकच स्लॉट आणि बहुतेक वेळा रॅमसाठी दोनच जागा बसतात. जागा कमी म्हणून बोर्ड बनवायला अवघड, म्हणून महाग. माझ्या खरेदीच्या अनुभवात त्याच चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि आयटीएक्स बोर्ड यांच्या किमतीत दीडपट ते दुपटीचा फरक पडतो. पॉवर सप्लायही साधा बसत नाही, एसएफएक्स नावाचा छोट्या मापाचा लागतो, तो तेवढ्याच वॅटचा असून महाग. कॅबिनेट महाग. आणि कूलर, खोलीतला नव्हे, प्रोसेसरवर बसतो तो, वेगळा घ्यावा लागतो.

त्या कूलरची गोष्ट ऐक, कारण त्यात माझे स्वतःचे पैसे गेलेत. माझा पहिला आयटीएक्स मी भाच्यासाठी बांधला. रायझनच्या खोक्यात जो कूलर फुकट येतो, रेथ स्टेल्थ नावाचा, तोच लावला. बोर्ड बसला, पॉवर सप्लाय बसला, तारा दाबून दाबून बसवल्या, आणि शेवटी बाजूचं झाकण काही लागेना. मोजपट्टी लावली. कूलर ५४ मिलिमीटर उंच. कॅबिनेटच्या कागदावर पान दोनवर स्पष्ट लिहिलेलं, ५१ मिलिमीटरपर्यंत. तीन मिलिमीटर! मुगाच्या दाण्याएवढी जागा. भाचा शेजारी बसून चहा पीत होता आणि मी पंचवीस वर्षांच्या अनुभवानिशी झाकणावर गुडघा देऊन बघत होते. शेवटी बुटका कूलर मागवला, आठवडा गेला. तुझ्या ७६०० च्या खोक्यातही हाच रेथ स्टेल्थ येतो. म्हणजे आयटीएक्स घेतलासच तर कॅबिनेटचा कागद आधी वाच: कूलरची उंची, कार्डाची लांबी, कार्डाची जाडी. हे तीन आकडे वहीत लिहिल्याशिवाय एकही वस्तू घेऊ नकोस.

आता गरम होण्याचं. इथं दुकानदार अर्धा चुकतो. छोटा पीसी जास्त उष्णता *तयार* करत नाही. आरटीएक्स ४०६० जास्तीत जास्त ११५ वॅट घेतं, ७६०० वर लिहिलेलं असतं ६५ वॅट, ताण आला की तो ८८ पर्यंत जातो. बाकी सगळं धरून गेम खेळताना भिंतीतून दोनशे-सव्वादोनशे वॅट ओढले जातील. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, डबा लहान असो की कपाटाएवढा. खोलीत आणखी दोन माणसं येऊन बसल्यासारखं. तू, दादा आणि हे दोन अदृश्य पाहुणे, दहा बाय दहात. ते पाहुणे मोठा कॅबिनेट घेतलास म्हणून जाणार नाहीत.

फरक पडतो तो उष्णता डब्याबाहेर टाकण्यात. मोठ्या कॅबिनेटला १२० मिलिमीटरचे तीन पंखे लागतात आणि ते निवांत फिरतात. छोट्यात एखादा, तोही जोरात. आवाज त्या जोराचा येतो. आणि एक हिशेब ध्यानात ठेव: पंख्यांचा वेग तोच राहिला तर खोलीचं तापमान जितकं चढतं, जवळपास तितकंच आतल्या चिपचंही चढतं. डिसेंबरात खोलीत २० अंश असताना चिप ७२ वर चालली तर नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ कडक दिवसांत, खोलीतला कूलर लावूनही खोली ३६ ला असते, तेव्हा तीच चिप ८८ ला जाणार. ७६०० ला ९५ ची मर्यादा आहे, तिथं तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे डिसेंबरात ज्याच्या हातात २०-२५ अंशांची शिल्लक आहे त्यानं मे महिन्याची काळजी करू नये. ज्याचा पीसी डिसेंबरातच ८५ ला आहे त्याचं मे महिन्यात कठीण आहे. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या गावचा पारा ४७.९ ला पोचला होता. यूट्यूबवर थंड देशातला माणूस आयटीएक्सची तारीफ करतो तेव्हा त्याच्या खिडकीबाहेर बघायचं, बर्फ असतो.

म्हणून माझं मत: २५ लिटरच्या आसपासचा, समोर जाळी असलेला मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट. जाळी म्हणजे खरी जाळी. समोर काच लावलेली मोठमोठी कॅबिनेट दुकानात रंगीत दिवे लावून ठेवतात ना, ती म्हणजे काचा चढवून उन्हात उभी केलेली गाडी. त्यांच्यापेक्षा नीट बांधलेला आयटीएक्स बरा. हे खरंच सांगते: ज्या छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीला लागून असतात तिथं कार्ड बाहेरची ताजी हवा ओढतं आणि बंद तोंडाच्या टॉवरपेक्षा थंड चालतं. मी मोजून पाहिलंय. तोटा प्रोसेसरचा होतो, तो बुटक्या कूलरखाली धापा टाकतो.

टेबलाचं काय? कॅबिनेट टेबलाखाली लाकडी स्टुलावर ठेव. जमिनीवर नको, झाडूनं उडणारी सगळी धूळ तो पिईल. वाचलेल्या पैशांत एसएसडी मोठी घे. आणि बोर्ड एएम५ आहे, त्या सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेला, २०२७ आणि पुढेही आधार देऊ असं एएमडीनं जाहीर केलंय. नोकरी लागल्यावर तुला जाडजूड कार्ड घ्यावंसं वाटेल तेव्हा याच डब्यात बसेल. आयटीएक्सवाल्याला त्या दिवशी पुन्हा मोजपट्टी शोधावी लागते.

दोन सेटिंग मात्र पहिल्या दिवशीच कर. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर गेमचे फ्रेम, म्हणजे सेकंदाला निघणारी चित्रं, ७५ वर अडव, उगाच दीडशे काढून खोली तापवू नकोस. आणि कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण. खेळताना फरक डोळ्यांना दिसत नाही, पंख्याला दिसतो.

महोदया, मुलगा अकरावीत आहे. त्याने मोबाइलवर एक तळहाताएवढा कॉम्प्युटर दाखवला आणि म्हणाला, बाबा, यावर गेमपण चालतात आणि अभ्यासपण होतो. किंमत चांगल्या लॅपटॉपएवढी आहे. एवढ्याशा डबीत खरंच गेम चालतात का, की पैसे पाण्यात जातील? घरात लाइटही वारंवार जाते. — एक पालक, प्रतापनगर

चालतात. कोणते चालतात हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मुलाकडूनच घ्यायचं. त्याला म्हणा, कागदावर पाच गेमची नावं लिही. मला खात्री आहे की तो पहिली तीन धडाधड लिहील आणि पुढच्या दोनला तुमच्या चेहऱ्याकडे बघेल.

या डब्यांत लॅपटॉपचा प्रोसेसर असतो. सध्या चांगला समजला जाणारा म्हणजे रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४०एचएस. दोन्हींत रेडिऑन ७८०एम नावाचं ग्राफिक्स चिपच्या आतच बसवलेलं असतं. वेगळं कार्ड नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ असलं काही यादीत असेल तर फुल एचडीवर छान चालेल. सायबरपंक २०७७ सारखं वजनदार काही असेल तर सगळी सेटिंग खाली ओढून, चित्र थोडं मऊ करून, कसंबसं. आणि 'जीटीए ६' लिहिलं असेल तर त्याला सांगा की तो गेम सध्या कन्सोलसाठीच जाहीर झालाय, म्हणजे त्या नावावर बाबांकडून काही मागता येत नाही.

घेताना एकच गोष्ट दुकानदाराला विचारा: रॅमच्या पट्ट्या किती? या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते कॉम्प्युटरच्या रॅममधूनच उसनं घेतं. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर रस्ता एकपदरी होतो. आठ-आठच्या दोन पट्ट्या टाकल्या की तीच डबी गेममध्ये एकदम हुशार होते. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ 'मशीन फॉल्टी आहे' म्हणून घेऊन आले होते. मी दुसरी पट्टी घातली, दहा मिनिटं मुलाला खेळू दिलं, आणि मशीन 'दुरुस्त' झाली. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढले आहेत, म्हणून हे नंतर करू म्हणू नका. घेतानाच दोन पट्ट्यांची घ्या. काही डब्यांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ती नंतर वाढवताच येत नाही. तेही विचारून घ्या.

लाइट जाण्याच्या बाबतीत मात्र ही डबी सगळ्यांच्या पुढे आहे. ती लॅपटॉपसारख्या अॅडॉप्टरवर चालते. गेम खेळताना ८०-९० वॅट घेते. साधा ६०० व्हीएचा यूपीएस तिला आणि मॉनिटरला दहा-पंधरा मिनिटं सहज ओढतो. मोठ्या गेमिंग पीसीला तोच यूपीएस लाइट गेल्या गेल्या पिप्पिप करून मान टाकतो. विजेचं म्हणाल तर रोज तीन तास खेळून पाव युनिटाच्या थोडं वर. वरच्या पत्रातल्या मुलाचा पीसी तेवढ्याच वेळात पाऊण युनिटाच्या थोडं आत घेईल.

तोटा एवढाच की ही डबी जशी घेतली तशीच मरेपर्यंत राहते. ग्राफिक्स बदलता येत नाही. 'बाहेरून कार्ड जोडता येतं' असं मुलगा तुम्हाला सांगेल, आणि ते खरं आहे. ऑक्युलिंक किंवा थंडरबोल्टच्या वायरीनं जोडतात. मग टेबलावर डबी, तिच्या शेजारी कार्ड, कार्डाशेजारी पॉवर सप्लाय, आणि त्यांच्यातून वायरींचं जाळं. एवढं सगळं मांडायचं तर सरळ कॅबिनेट घ्यावा.

आणि दोन डब्यांत निवड करायची वेळ आली तर ज्याची सर्व्हिस नागपुरात किंवा निदान भारतात आहे तो घ्या. दोन वर्षांनी अॅडॉप्टर गेला तर तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच पिनेचा मिळायला हवा. पीन बसली म्हणून चालेल असं समजून कोणताही लावू नका.

मुलगा अकरावीत आहे म्हणून कमी ताकदीचा घ्या, असं मी सांगणार नाही. तो तुमच्या घरातला प्रश्न आहे, माझ्या सदरातला नाही.

ताई, मी हिंगणा रोडला एमआयडीसीत कामाला आहे. जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपचा लॉट निघाला, दोन मशीन माझ्या बजेटमध्ये बसतात. एक जाड पुस्तकाएवढी, आय५ आठव्या पिढीची. दुसरी थोडी मोठी, आडवी, तीपण आय५ पण सहाव्या पिढीची. भाव सारखाच. पोट्ट्यांसोबत संध्याकाळी थोडं खेळायचं आहे, बस. कोणती घेऊ?

दोन्ही सोड आणि लॉटवाल्याला विचार, आडव्यातली आठव्या पिढीची आहे का. बहुतेक असते, मागे कुठेतरी ठेवलेली.

कारण असं. पुस्तकाएवढ्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड घालायची जागाच नसते. आडव्या, म्हणजे एसएफएफ प्रकारात बुटकं कार्ड बसतं. पण सहाव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून चालते, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. आठव्या पिढीच्या आय५ ला सहा कोर आहेत, सहाव्या पिढीच्याला चार. भाव सारखा असेल तर विचार करायचा प्रश्नच नाही.

मग त्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं बुटकं कार्ड घाल. ते ७० वॅटवर चालतं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही. मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, त्यातच भागतं. हे महत्त्वाचं अशासाठी की ऑफिसच्या या मशीनचा पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला त्यात बसत नाही, आणि त्याला कार्डाची जादा वायर नसते. कोणी 'अडॅप्टर लावून मोठं कार्ड चालवून देतो' म्हटलं तर हात जोड आणि पुढे हो.

कार्ड घेण्याआधी मशीन उघडून बघ. स्लॉटच्या शेजारी दुसरा स्लॉट रिकामा आहे का, कारण कार्ड दोन स्लॉटांची जागा खातं. कार्डाच्या खोक्यात छोटी पट्टी आहे का, जिच्यावर स्क्रू लागतो. मोठी पट्टी या मशीनमध्ये बसत नाही. सेकंडहँड कार्ड घेतलंस तर ही छोटी पट्टी हटकून हरवलेली असते. मी एका पोराला पत्र्याची पट्टी कानशीनं घासून करून दिली होती, दोन तास गेले आणि बोटाला पट्टी बांधावी लागली ती वेगळीच.

सगळं मिळून नव्या गेमिंग पीसीच्या निम्म्याहून कमी पैशांत संध्याकाळचं भागेल. व्हॅलोरंट खेळायचं असेल तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन चालू कर, आठव्या पिढीत ते असतं.

ताई, मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, तीन मैत्रिणींसोबत फ्लॅटमध्ये राहते. दर दोन-तीन महिन्यांनी धरमपेठेत घरी येते आणि दोन आठवडे तिथूनच काम करते. गेमिंग लॅपटॉप घ्यावा की छोटा पीसी बॅगेत घालून आणावा? सगळे मला वेड्यात काढतात. — धरमपेठ आणि हिंजवडी

तू वेडी नाहीस. आयटीएक्स तुझ्यासारख्यांसाठीच आहे. मानेवाड्याच्या मुलाला मी नाही म्हटलं कारण त्याचा पीसी एकदा टेबलाखाली गेला की पुढची पाच वर्षं हलणार नाही. तुझा दर तिमाहीला गरीब रथात बसणार.

लॅपटॉपबद्दल एक समजून घे. 'आरटीएक्स ४०६०' लॅपटॉपवरही लिहिलेलं असतं आणि डेस्कटॉपच्या कार्डावरही, पण लॅपटॉपच्या चिपला किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पातळ मॉडेलमध्ये तेच नाव निम्म्या ताकदीनं चालताना मी पाहिलंय. शिवाय लॅपटॉपचा पंखा कानाखाली असतो. प्रवासात चालत्या गाडीत काम करायचं असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. पण ऑफिसचा लॅपटॉप तुझ्याकडे असणारच. मग घरी एक मॉनिटर, पुण्यात एक मॉनिटर, आणि मध्ये ये-जा करणारा दहा लिटरचा डबा. पाठीवरच्या बॅगेत तो बसतो. संत्र्याच्या पेटीपेक्षा तर नक्कीच हलका.

ज्या कॅबिनेटमध्ये कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून, पट्टीसारख्या रायझर वायरीनं जोडलेलं असतं, तसा घे. कार्ड दोन बाजूंनी धरलेलं राहतं, गाडीच्या धक्क्यानं स्लॉटवर ताण येत नाही. फक्त रायझर पीसीआयई ४.० चा आहे ना ते बघ, कार्ड आणि बोर्ड ज्या वेगानं बोलतात त्याची ती पिढी. माझ्याकडे एक पीसी आला होता, पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. मालकानं कार्ड बदलून पाहिलेलं, रॅम बदलून पाहिलेली, मॉनिटरही. रायझर जुना ३.० चा होता आणि कार्ड ४.० च्या वेगानं बोलायचा प्रयत्न करत होतं. त्याच्या प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स होतं म्हणून वाचला: मॉनिटरची वायर बोर्डाला लावली, बायोसमध्ये जाऊन स्लॉट जेन ३ वर, म्हणजे ३.० च्या वेगावर, बांधून टाकला, झालं. म्हणून तुलाही सांगते, प्रोसेसर आतल्या ग्राफिक्सवाला घे. ७६०० मध्ये ते आहे. जुन्या ५६०० मध्ये नाही. तो घेतलास आणि असं झालं तर आंधळ्यासारखं चाचपडत बसशील.

पावसाळ्यात एसी डब्यातून उतरून घरी आलीस की लगेच चालू करू नकोस. थंड धातूवर दमट हवा लागली की दव धरतं. बॅगेतून काढून तासभर तसाच राहू दे, तोवर तर्री पोहे खाऊन ये.

मॅडम, दीड वर्षापूर्वी मिनी पीसी घेतला. हिवाळ्यात मस्त चालला. एप्रिल लागल्यापासून गेम सुरू केला की वीस मिनिटांत आपोआप बंद पडतो, पंखा विमानासारखा आवाज करतो. गरम होऊ नये म्हणून मी तो कूलरच्या अगदी समोर ठेवतो, तरी असं. — गणेशपेठ

'तरी' नाही हो, 'म्हणूनच'.

अगदी असाच एक डबा दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आला होता. खालचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं. पंख्याच्या पुढं तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी असते, उष्णता तिच्यातून बाहेर जाते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरट, खडूसारखा थर, आणि त्या थरात कूलरच्या ताटीतले वूडवूलचे धागे अडकलेले. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. यूएसबीच्या एका तोंडातही पांढरी भुकटी. बोअरचं पाणी कूलरमध्ये, त्यातले क्षार हवेतल्या बारीक तुषारांवर बसून थेट डब्यात. मालक बिचारा त्याला गार ठेवत होता आणि आतून तो चुनखडीची खाण झाला होता.

कूलरनं खोलीची हवा थंड होते ती घ्यावी, झोत घेऊ नये. कूलर एका भिंतीला आणि पीसी त्या झोताच्या बाजूला, निदान चार-पाच फूट लांब. खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. कूलरला बाहेर जायची वाट दिली नाही तर तो नुसता दमटपणा वाढवतो, आणि पावसाळ्यात तर त्याचा उपयोगच नसतो.

तुमच्या डब्याचं आता असं करा. अॅडॉप्टर काढून ठेवा, झाकण उघडा. पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा आणि कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशनं जाळी साफ करा. पातं न धरता हवा मारली तर पंखा उलटा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. चौकातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारू नका. त्याच्या हवेत पाणी असतं, कधी तेलही. थर दगडासारखा बसला असेल तर ओढून काढायच्या फंदात पडू नका, ती पाती वर्तमानपत्रासारखी दुमडतात. मग पंखा आणि जाळी मिळून एकच सुटा भाग येतो, तो बदलून घ्या. तसंच चिपवरची पेस्टही नवी लावून घ्या, दीड वर्षात ती सुकलेली असणार.

साफ केल्यावर डब्याखाली चार बाटल्यांची झाकणं लावून तो बोटभर उचलून ठेवा. बऱ्याच मिनी पीसींची हवा खालून आत जाते, आणि टेबलक्लॉथ ती वाट बुजवतो. गेम चालू करून वीस मिनिटं बघा. तरी बंद पडला तर अॅडॉप्टर हाताला किती गरम लागतो तेही बघा आणि डब्याबरोबर तोही घेऊन या. निम्मे लोक डबा आणतात आणि अॅडॉप्टर घरी विसरतात, मग नंदनवनातून पुन्हा गणेशपेठ.